‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ओल्मेदोचा इंका, बोलीवारची समीक्षा आणि राज्यघटनेतील निवेदक

१

मराठी समीक्षेत ‘टेक्स्ट’ या संकल्पनेला ‘संहिता’ हा प्रतिशब्द आता रुळला आहे. हाच शब्द कायद्याच्या परिभाषेतही आहे. दंडसंहिता, दिवाणी प्रक्रिया संहिता असे आपण सहज म्हणतो. एकाच शब्दात नांदणारे हे दोन अर्थ आपण योगायोग म्हणून सोडून देतो. साहित्याची संहिता वाचणारा कायद्याच्या संहितेकडे वळत नाही. कायद्याची संहिता वाचणाऱ्याला साहित्यविचाराची गरज भासत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्पॅनिश अमेरिकेचा अभ्यास करू लागले, की ही वाटणी टिकवणे अवघड होते. तेथे घटना लिहिणारे आणि काव्य लिहिणारे पुष्कळदा तेच लोक होते. आंद्रेस बेल्योने अमेरिकनांच्या उपयोगासाठी स्पॅनिशचे व्याकरण (१८४७) लिहिले आणि चिलीची दिवाणी संहिताही (१८५५) त्याच्याच हातून तयार झाली. हे उदाहरण सर्वपरिचित आहे.

मात्र लेखक एकच होता, एवढ्यावरून संहितांचे नाते सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते वेगळे आहे. स्वातंत्र्यकाळातील घटना आणि स्वातंत्र्यकाळातील काव्य यांच्यापुढे रचनेच्या पातळीवर एकच प्रश्न उभा होता : या संहितेत बोलतो आहे तो कोण, आणि कोणाच्या वतीने? घटनेला हा प्रश्न झाकून ठेवता आला. काव्याला तो झाकता आला नाही. काव्यातील ही फट ज्याने प्रथम आणि अचूक हेरली तो वाचक म्हणजे खुद्द सिमोन बोलीवार. त्याच सुमारास कायदेकर्ता म्हणून तो तीच फट बुजवत होता. या विसंगतीला दांभिकता म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण तसे केल्यास तिच्यातला साहित्यशास्त्रीय अर्थ हातून निसटतो.

या घटनांविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार त्या फिलाडेल्फिया, पॅरिस आणि कादिस येथून आणलेल्या उसन्या संहिता होत. मातीशी नाते नसल्याने त्या कागदावरच राहिल्या. दुसरे मत आन्हेल रामा याच्या ‘अक्षरनगरी’च्या (१९८४) मांडणीतून येते : लेखनावर हुकमत असलेल्या मूठभर नागर वर्गाने लेखन हेच सत्तेचे साधन केले आणि घटना हा त्याच परंपरेतला एक टप्पा. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण पहिले मत संहितेला केवळ नक्कल मानते आणि दुसरे तिला केवळ हत्यार मानते. संहितेची आंतररचना दोघांच्याही नजरेआड राहते.

२

प्रारंभ कादिसपासून करावा लागतो. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातवा फेर्नांदो याला गादीवरून दूर करून फ्रान्समध्ये अडकवून ठेवले. राजा नाही, पण राज्य आहे, अशा अवस्थेत १८१० च्या सप्टेंबरात स्पेनच्या दक्षिण टोकाला प्रतिनिधिसभा भरली. तिच्यात अमेरिकेतील वसाहतींचेही प्रतिनिधी होते. १९ मार्च १८१२ रोजी या सभेने ३८४ कलमांची घटना जाहीर केली. स्पॅनिश राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतील सर्व स्पॅनिश जनांचा समुदाय, असे तिचे पहिलेच कलम सांगते.

निवेदनाच्या दृष्टीने या घटनेची सुरुवात लक्षणीय आहे. सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे असे ठणकावून सांगणारी ही संहिता प्रसृत होते ती राजाच्या नावाने. तो अनुपस्थित व बंदिवान असल्याचा उल्लेख करून, त्याच्या वतीने. संहितेचा औपचारिक निवेदक सभागृहात नाही, देशातही नाही, आणि त्याच्या तोंडी घातलेले शब्द त्याला मान्य आहेत की नाहीत हे कोणाला ठाऊक नाही. ते पुढे कळले. परत आल्यावर ४ मे १८१४ रोजी फेर्नांदोने ही घटना रद्दबातल केली. ज्याच्या नावाने संहिता बोलत होती त्यानेच ती नाकारली.

‘दोन्ही गोलार्धांतील सर्व’ या शब्दांची व्याप्तीही तपासायला हवी. मूळ रहिवासी या घटनेनुसार नागरिक होते. आफ्रिकी वंशाचे समजले जाणारे लोक मात्र २२ व्या कलमाने नागरिकत्वाबाहेर ठेवले गेले. ते ‘स्पॅनिश’ होते, पण नागरिक नव्हते. अमेरिकेचे प्रतिनिधित्व आकुंचित ठेवण्याचा हेतू त्यामागे होता. साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असे आणखी एक कलम आहे, पंचविसावे : १८३० पासून नव्याने नागरिकत्वाचे हक्क बजावू लागणाऱ्याला लिहिता-वाचता आले पाहिजे. संहितेचा कर्ता होण्यासाठी संहितेचा वाचक असणे आवश्यक, असा हा दंडक आहे.

असे असूनही ती घटना कागदावरच राहिली असे म्हणता येत नाही. हजार वस्तीच्या गावाला निर्वाचित नगरसभा असावी, या तिच्या तरतुदीचा आधार घेऊन मेक्सिकोतील व आन्देस पर्वतप्रदेशातील कितीतरी मूलनिवासी गावांनी आपापल्या सभा निवडल्या. संहितेने ज्यांना ओझरते संबोधले होते त्यांनी ती शब्दशः खरी मानून वाचली. ‘उसनी संहिता’ हे मत या वाचनाची दखल घेत नाही.

या सभेत दोन माणसे होती, ज्यांची आठवण पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. एक होता ग्वायाकीलचा प्रतिनिधी, कवी व वकील होसे होआकीन दे ओल्मेदो. १२ ऑगस्ट १८१२ रोजी त्याने ‘मिता’ या सक्तीच्या वेठीविरुद्ध भाषण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सभेने वेठ रद्द केली. दुसरा होता दिओनिसिओ इंका युपांकी, पेरूचा प्रतिनिधी आणि इंका राजवंशाचा वारस. स्पेनमध्ये वाढलेला हा लष्करी अधिकारी सभेत स्पॅनिशमध्ये बोलला. इतरांना दडपणारे राष्ट्र स्वतः स्वतंत्र राहू शकत नाही, हा विचार त्याने डिसेंबर १८१० मध्येच तेथे मांडला होता. म्हणजे कादिसच्या सभागृहात एक जिवंत इंका बोलत होता. ओल्मेदोच्या काव्यात पुढे इंका येतो, तो मेलेला.

३

अमेरिकेतल्या पहिल्या घटनांत राजाची जागा प्रजेने घेतली. व्हेनेझुएलाची डिसेंबर १८११ ची घटना ‘जनता’ या प्रथमपुरुषी कर्त्याने सुरू होते. ९ जुलै १८१६ चा तुकुमानचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रतिनिधींच्या प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. दोन्हीकडे सर्वनाम एकच आहे : ‘नोस’. बोलण्यातले साधे स्पॅनिश सर्वनाम ‘नोसोत्रोस’. ‘नोस’ हे राजाचे आणि धर्माध्यक्षाचे आदरार्थी बहुवचन. राजाला बाजूला सारणाऱ्या जनतेने राजाचेच सर्वनाम उचलले.

जाक देरिदाने १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याविषयी एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवले आहे. जाहीरनाम्यावर सही करणारी ‘जनता’ सहीपूर्वी अस्तित्वात नसते. सहीच तिला अस्तित्वात आणते. स्पॅनिश अमेरिकेतील संहितांनाही हे लागू पडते, परंतु तेथे अडचण एवढ्यावर संपत नाही. फिलाडेल्फियाचा पेच काळाचा आहे : सही आधी की जनता आधी? आन्देसमधील पेच भाषेचाही आहे. ज्यांच्या वतीने सही झाली त्यांतील फार मोठ्या समुदायाला सहीची भाषाच येत नव्हती.

ही जाणीव त्या काळच्या राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. बुएनोस आयरेसच्या सभेचा वेठ व मूलनिवासींवरील कर रद्द करणारा १८१३ चा ठराव ग्वारानी, केचुआ आणि आयमारा भाषांत उतरवण्यात आला. तुकुमानचा जाहीरनामाही केचुआ व आयमारात छापला गेला. येथे मराठी वाचकाला एक गोष्ट चटकन उमगेल, जी स्पॅनिश किंवा इंग्रजी वाचकाला समजावून सांगावी लागते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. ‘आम्ही जेवणार आहोत’ आणि ‘आपण जेवणार आहोत’ यांतला फरक दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला बरोबर कळतो. स्पॅनिशमध्ये हा भेद नाही. कुस्कोच्या केचुआत मात्र तो आहे : ‘न्योकायकु’ म्हणजे आम्ही, ‘न्योकान्चिक’ म्हणजे आपण. ग्वारानीत ‘ओरे’ आणि ‘न्यान्दे’ अशी जोडी आहे. आयमारातही हा भेद आहे. म्हणजे ज्या तीन भाषांत स्वातंत्र्याचे लेख उतरवले गेले त्या तिन्ही भाषांत भाषांतरकाराला पहिल्याच सर्वनामाला थांबावे लागते : हे बोलणारे ‘आम्ही’ आहेत की ‘आपण’? स्पॅनिश संहितेत हा प्रश्न व्याकरणामुळे उद्भवतच नाही, आणि न उद्भवण्याने तो सुटल्यासारखा भासतो.

बोलीवारला मात्र आपले ‘आम्ही’ नेमके ठाऊक होते. १८१५ च्या जमैका येथील पत्रात आणि १८१९ च्या आंगोस्तुरा येथील भाषणात त्याने ते जवळजवळ सारख्याच शब्दांत मांडले आहे. आम्ही इंडियन नाही आणि युरोपीयही नाही. भूमीचे मूळ धनी आणि स्पॅनिश यांच्यामधली एक जात आहोत. जन्माने अमेरिकन, हक्कांनी युरोपीय. त्यामुळे आम्हाला मूळ रहिवाशांशी मालकीचा वाद घालायचा आहे आणि आक्रमकांशी लढायचेही आहे, असा त्याचा आशय. इतके प्रांजळ विधान त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल. हे ‘आम्ही’ म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांचा क्रिओल वर्ग. त्याच्या घटनांत मात्र या विभाजित कर्त्याचा मागमूस नाही. तेथे आहे अखंड ‘राष्ट्र’.

४

६ ऑगस्ट १८२४ रोजी हुनीनच्या पठारावर बोलीवारने स्पॅनिश सैन्याचा पराभव केला. निर्णायक लढाई मात्र ९ डिसेंबरला आयाकुचो येथे झाली. ती सुक्रेने जिंकली. बोलीवार तेथे नव्हता. ‘हुनीनचा विजय : बोलीवारचे गीत’ हे ओल्मेदोचे नऊशेंहून अधिक ओळींचे काव्य १८२५ मध्ये ग्वायाकीलला छापले गेले आणि पुढच्या वर्षी लंडन व पॅरिस येथे सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले. कवीपुढची अडचण उघड होती. नायक एका लढाईत, कळस दुसऱ्या लढाईत. एका काव्याच्या घाटात दोन्ही बसवायच्या कशा?

त्याने योजलेला उपाय असा. हुनीनच्या विजयानंतरच्या रात्री आकाशात इंका सम्राट वाइना कापाक प्रकट होतो. तो स्पॅनिश विजेत्यांच्या क्रौर्याचा पाढा वाचतो, त्यांतून एका बार्तोलोमे दे लास कासासला वगळतो, आणि आयाकुचोची लढाई जणू डोळ्यांपुढे घडत असल्यासारखी भविष्यवाणीने वर्णन करतो. नंतर तो नव्या राष्ट्रांना ऐक्याचा उपदेश करतो. शेवटी सूर्यकन्यांचे गान होते. ओल्मेदो अभिजात परंपरेत मुरलेला कवी होता. पोपच्या ‘एसे ऑन मॅन’चे भाषांतर करणाऱ्या या कवीपुढे व्हर्जिलचा, पाताळात वंशजांचे भविष्य सांगणारा आंखायसेस असणार. बेल्योने १८२६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या आपल्या नियतकालिकात या काव्याचे परीक्षण लिहिले आणि कवीच्या योजनेची पाठराखण केली.

पण ही योजना परंपरागत आहे एवढे सांगून भागत नाही. आंखायसेस आपल्या मुलाशी बोलतो. भविष्य त्याच्याच वंशाचे आहे. वाइना कापाक ज्यांच्याशी बोलतो ते त्याचे कोणीच नव्हेत. शिवाय पिझारोने १५३२ मध्ये इंका राज्य बुडवले त्यापूर्वीच तो मरण पावला होता. ज्या जुलमाचा तो साक्षी म्हणून येतो तो जुलूम त्याने पाहिलेला नाही, आणि ज्या विजयाला तो आशीर्वाद देतो तो त्याच्या लोकांचे राज्य परत आणणारा नाही. तरीही काव्याला तो हवाच आहे. क्रिओल वर्गाच्या लढाईला ‘पुनःप्राप्ती’चे रूप द्यायचे तर आधी काहीतरी गमावलेले असले पाहिजे. क्रिओलांनी इंका राज्य गमावले नव्हते. त्यांच्या पूर्वजांनी ते मिळवले होते. म्हणून गमावणाऱ्याचा आवाज उसना घ्यावा लागतो, आणि तो मृताचाच घेणे सोयीचे असते. मृत माणूस आपल्या गादीची मागणी करत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हती. १७८०-८१ मध्ये तुपाक आमारूने इंका वारसाच्या नात्याने केलेले बंड आन्देसच्या स्मरणात ताजे होते. १८१६ मध्ये तुकुमान येथे मान्वेल बेल्ग्रानोने इंका वंशजाला राजा करावे असा प्रस्ताव गांभीर्याने मांडला होता, तो बारगळला.

५

काव्य वाचून बोलीवारने उत्तर लिहिले तेव्हा तो इंकांच्या जुन्या राजधानीत, कुस्को येथे होता. जून-जुलै १८२५ मध्ये त्याने ओल्मेदोला दोन पत्रे लिहिली. पहिल्या पत्रातली थट्टा प्रसिद्ध आहे : तू मला ज्युपिटर केलेस, सुक्रेला मार्स केलेस आणि बाकीच्या सरदारांत होमरचे वीर वाटून टाकलेस. दुसरे पत्र गंभीर समीक्षेचे आहे. त्यात होरेस व बोआलो यांचे दाखले आहेत, छपाईतल्या व वृत्तातल्या चुका आहेत आणि मुख्य आक्षेप योजनेवर आहे. इंका हाच काव्याचा नायक होऊन बसला आहे. तो फार बोलतो. यापुढचा आक्षेप औचित्याचा आहे. ज्या धर्माने आपला नाश केला त्याची अप्रत्यक्ष स्तुती इंकाने करावी हे शोभत नाही. आणि स्वतःचे सिंहासन परत मागण्याऐवजी त्याने परक्या उपटसुंभांना पसंती द्यावी हे तर त्याहून शोभत नाही. हे परके त्याच्या रक्ताचा सूड घेणारे असले तरी अखेर त्याचे साम्राज्य नष्ट करणाऱ्यांचेच वंशज आहेत.

हा आक्षेप वरवर अभिजातवादी ‘औचित्या’चा वाटतो : पात्राने स्वभावाला अनुसरून बोलावे. परंतु हे तत्त्व प्रामाणिकपणे लावताच काव्याचा राजकीय पाया हलतो. इंकाने इंकासारखे बोलायचे ठरवले तर तो काय बोलेल? तो ‘आपण’ म्हणणार नाही. तो बोलीवारकडे बोट दाखवून ‘तुम्ही’ म्हणेल. बोलीवार वाचक म्हणून इंकाच्या जागी उभा राहिला आणि तेथून त्याला स्वतःचा वर्ग ‘परके उपटसुंभ’ दिसला. साहित्यकृतीच्या अंतर्गत तर्काची मागणी लावून धरणारी समीक्षा कुठवर नेऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आता त्याच दिवसांतला कायदेकर्ता पाहू. दुसऱ्या पत्राच्या जेमतेम आठवडाभर आधी, ४ जुलै १८२५ रोजी, कुस्को येथूनच बोलीवारने आदेश काढले. एका आदेशाने मूलनिवासींकडून सक्तीने सेवा घेण्याला बंदी झाली. दुसऱ्याने गावांची सामाईक जमीन व्यक्तींना वाटून देण्याची आज्ञा झाली. तिसऱ्याने ‘कासिके’ म्हणजे वंशपरंपरागत मूलनिवासी प्रमुखांचे पद व अधिकार रद्द झाले. या तिसऱ्या आदेशाचे कारण असे की घटना नागरिकांत विषमता मानत नाही आणि वंशपरंपरागत पदव्या मानत नाही. समतेच्या तत्त्वावर या आदेशाला दोष देता येत नाही. वेठबंदीचे मोलही कमी लेखता येत नाही. पण परिणाम पाहावा. वसाहतीच्या काळातही ज्याला मूलनिवासींच्या वतीने कायदेशीररीत्या बोलता येत होते असा जिवंत प्रवक्ता या आदेशाने नाहीसा झाला. एका आठवड्यात एकाच लेखणीने जिवंत कासिकेचा आवाज बंद केला आणि मृत इंकाला, तू खरे तेच का बोलत नाहीस, असे विचारले.

या दोन कृतींना जोडणारे स्पष्टीकरण व्यक्तीच्या मनात शोधण्यापेक्षा लेखनप्रकारांच्या भिन्न नियमांत शोधावे, असे मला वाटते. घटनेचा निवेदक अमूर्त असतो. ‘राष्ट्र’ किंवा ‘जनता’ यांना चेहरा, पूर्वज, भाषा असण्याची सक्ती नसते. म्हणून त्याच्या औचित्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. काव्याला आवाज हवा, आवाजाला पात्र हवे, आणि पात्र आले की त्याचा भूतकाळ मागोमाग येतो. बोलीवारने हाच औचित्याचा निकष घटनेच्या ‘राष्ट्रा’ला लावला असता तर? तो लावला जाऊ नये यासाठीच तो लेखनप्रकार तसा घडलेला आहे.

६

पुढचा इतिहास या झाकलेल्या प्रश्नाचा आहे. ऑगस्ट १८२१ मध्ये सान मार्तीनने पेरूत मूलनिवासींवरील खंडणी रद्द केली आणि त्यांना यापुढे ‘इंडियन’ न म्हणता ‘पेरूवासी’ म्हणावे असा आदेश काढला. १८२६ मध्ये पेरूत ती खंडणी ‘मूलनिवासींचे अंशदान’ या नावाने परत आली आणि १८५४ पर्यंत चालली. पेरूच्या १८२३ च्या घटनेने नागरिकत्वाला साक्षरतेची अट घातली आणि तिची अंमलबजावणी १८४० नंतरवर टाकली. कादिसचे १८३० आणि लिमाचे १८४० : प्रत्येक संहिता आपला वाचक भविष्यात शोधते आणि तोवर त्याच्या वतीने बोलत राहते.

ओल्मेदो या पहिल्या पेरूवी संविधानसभेचा सदस्य होता. ग्वायाकीलने ऑक्टोबर १८२० मध्ये स्वातंत्र्य पुकारले तेव्हा तेथील शासन त्याच्या हाती आले होते. जुलै १८२२ मध्ये बोलीवारने तो प्रांत कोलंबियाला जोडून टाकला आणि ओल्मेदो नाराज होऊन लिमाला निघून गेला. तीन वर्षांनी त्याने बोलीवारचे गीत लिहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे काव्यात इंका नायकापेक्षा जास्त जागा का व्यापतो, याचा आणखी एक अन्वयार्थ संभवतो. त्यावर भर देण्याची गरज नाही.

१८३० मध्ये एक्वादोर वेगळा झाला. रिओबाम्बाच्या संविधानसभेने ओल्मेदोला उपराष्ट्राध्यक्ष निवडले. तिने केलेल्या घटनेत नागरिकत्वासाठी मालमत्ता वा स्वतंत्र व्यवसाय आणि साक्षरता अशा अटी होत्या, आणि ६८ वे कलम मूलनिवासींविषयी होते. हा वर्ग निष्पाप, हीन व दीन आहे असे सांगून त्याचे नैसर्गिक पालक म्हणून गावोगावच्या धर्मगुरूंची नेमणूक त्या कलमाने केली. काव्यातला इंका ज्या धर्माची अप्रत्यक्ष स्तुती करतो असे बोलीवारला खटकले होते, त्याच धर्माच्या पुरोहितांच्या हाती इंकाचे लोक अज्ञान बालकांप्रमाणे सोपवले गेले. शेकडो ओळी बोलणाऱ्या मृत सम्राटाच्या जिवंत वंशजांना राज्यघटनेत एकही प्रथमपुरुषी वाक्य मिळाले नाही. या कलमाचा कर्ता ओल्मेदो होता असे येथे सुचवायचे नाही. काव्य आणि कलम एकाच संकेतव्यवस्थेत शेजारी नांदू शकत होते, एवढेच दाखवायचे आहे.

साक्षरतेची अट अनेक फेरफारांतून गेली. १८९६ च्या निवडणूक कायद्याने पेरूत निरक्षरांना मतदानाचे दार बंद झाले. ते उघडले १९७९ च्या घटनेने. १८२३ पासून मोजल्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. एक्वादोरमध्येही निरक्षरांना मताधिकार मिळाला तो त्याच सुमारास.

७

या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल : घटना ही कायद्याची संहिता आहे, तिच्याकडे काव्याचा निवेदक मागणे हा कोटिदोष नव्हे काय? उत्तर असे, की अलीकडच्या घटनांनी हा निवेदक स्वतःच बदलायला घेतला आहे. एक्वादोरची २००८ ची घटना ‘आम्ही’ हे सर्वनाम आधी स्त्रीलिंगात आणि मग पुल्लिंगात उच्चारून सुरू होते. ‘सुमाक कावसाय’ म्हणजे सुंदर जगणे ही किचवा संकल्पना तिने आपल्या तत्त्वांत घेतली. निसर्गालाही तिने हक्कांचा धारक मानले. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेने स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. घटनाकारांना सर्वनामाचे मोल कळले नसते तर हे घडले नसते. मात्र येथेही घाईने समाधान मानू नये. एक्वादोरच्या किचवात कुस्कोच्या केचुआतला ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद उरलेला नाही. तेथे ‘न्युकान्चिक’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. सर्वसमावेशक घटनेची हमी कोणत्याही भाषेचे व्याकरण देत नाही. व्याकरण फार तर प्रश्न दृष्टीस आणून देते.

साहित्यसमीक्षेचे कामही याहून मोठे नाही, आणि याहून लहानही नाही. कुस्कोतल्या पत्रात बोलीवारने काव्याला जो प्रश्न विचारला तो विधिसंहितेला विचारणे, म्हणजे ज्याच्या तोंडी हे शब्द घातले आहेत तो स्वतः बोलला असता तर काय बोलला असता हे विचारणे, एवढे तिला करता येते. हे करण्यासाठी दूर देशी जाण्याचीही गरज नाही. भारतीय राज्यघटनेने १९५० मध्ये साक्षरतेची अट न घालता प्रौढ मताधिकार दिला. त्या अर्थी तिने आपल्या वाचकाची वाट पाहिली नाही. तिच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात मात्र पहिला शब्द ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. इंग्रजी पाठात ही निवड करावी लागत नाही. मराठीत करावी लागली. ती वाचताना आपण दाराच्या कोणत्या बाजूला उभे असतो, हे प्रत्येक वाचकाने आपल्यापुरते तपासून पाहण्याजोगे आहे.